तोंडाने सोडलेलं आसन

"थँक्यू" म्हटल्याबरोबर अंगणातल्या बायका फिसकन हसल्या.

मावसबहीण एकुआने पाण्याचा ग्लास हातात दिला होता आणि अराबाच्या तोंडून तो शब्द सवयीने निघून गेला होता.

"पाणी दिलं, थँक्यू. खुर्ची दिली, थँक्यू," एकुआ मासे निवडता निवडता म्हणाली. "सकाळी मी शिंकले तर तिथेही ही काहीतरी पुटपुटलीच."

"देव तुझं भलं करो, म्हटलं."

"शिंकेवरून? एवढ्यासाठी देवाला उठवायचं?" एकुआने माशाचं डोकं टोपलीत टाकलं. "गुलामांना डांबायचे तो किल्ला बघायला येणारे तुमचे अमेरिकन असेच असतात. मी शहाळं फोडून दिलं की थँक्यू, सुट्टे परत दिले की थँक्यू. आत जाऊन पोटभर रडतात, बाहेर येऊन थँक्यू. घरात कुणी आभार मानतं का गं?"

'तुमचे अमेरिकन' हे अराबाने ऐकलं आणि सोडून दिलं. तिथे अमेरिकेत, वूस्टरच्या वाचनालयात ती इतकी वर्षं काम करत होती, आणि पुस्तक घ्यायला आलेला माणूस तिचा उच्चार ऐकून अजून विचारायचा, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" ती सांगायची, घानाची. समुद्रकाठचं एक गाव आहे, अबानक्रोम. आता अबानक्रोममध्ये ती बोळातून चालली की पोरं मागे धावत 'ओब्रोनी, ओब्रोनी' ओरडायची. गोऱ्यांना मारायची हाक. तिचा रंग त्या पोरांच्या आयांपेक्षा तसूभरही उजळ नव्हता. बहुधा चालणंच बदललं असावं. किंवा बूट.

बायका बाकांवर बसल्या होत्या. अराबाला मात्र उशी घातलेली प्लास्टिकची खुर्ची होती. त्या पिशवीतलं पाणी दाताने कोपरा फोडून पीत होत्या आणि तिच्यासाठी सीलबंद बाटली फोडून ग्लासात ओतलेली होती. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. तिचं पोट बिघडू नये एवढंच त्यांच्या मनात होतं, आणि तेच तिला सोसवत नव्हतं.

उद्या आई घरी येणार होती. इस्पितळाच्या शवागारातून तिला आणून आतल्या खोलीत, पितळी पलंगावर निजवायचं होतं. आणि पेटी उचलण्याआधी घरातल्या एका बाईने तिला शेवटचं पाणी पाजायचं होतं, तिच्याशी बोलायचं होतं, कोण कोण आलंय ते सांगायचं होतं. या घरात जी ते पाणी देते, तीच पुढे बायकांमधली थोरली म्हणून गेलेलीच्या लाकडी आसनावर बसते. आईने सगळ्यांदेखत सांगून ठेवलं होतं: पाणी अराबा देईल.

आसन कुणीही घ्यावं, अराबाला त्याचा मोह नव्हता. तिला ते पाणी हवं होतं. आई गेली तेव्हा उशाशी एकुआ होती. अराबा तेव्हा विमानात बसलेलीसुद्धा नव्हती. मायदेशी जायला तिला व्हिसा काढावा लागतो, आणि त्याच्या रांगेत ती उभी होती. जिवंतपणी चुकलं ते निदान मेल्यावर करता यावं, एवढीच तिची मागणी होती. त्याचा निवाडा आज दुपारी व्हायचा होता.

ऊन कलल्यावर कडुनिंबाखाली बैठक बसली. मधोमध कोबिना मामा, आईचे थोरले भाऊ आणि घराण्याचे प्रमुख. काळं वस्त्र डाव्या खांद्यावरून घेतलेलं, पाय चपलांतून काढून चपलांवरच ठेवलेले. त्यांच्या शेजारी अटो. एरवी हा बाजारात शिंपीकाम करायचा, पण बैठकीत तो मामांचा आवाज होता. मामा हळू बोलत, अटो ते उचलून सगळ्यांपर्यंत पोचवी, आणि सगळ्यांचं बोलणंही त्याच्याच तोंडून मामांकडे जाई. दोन हातांवर बसलेल्या माणसाशीसुद्धा थेट बोलायचं नाही, ही रीत.

"अटो, मामांना सांग," एबो उभा राहिला. अराबाचा हा धाकटा भाऊ. ताकोराडीला त्याचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं, आणि घरात बोलताना त्याला दुकानातल्यासारखा आवाज लावायची सवय होती. "यात बैठक कशाला? आईचा शब्द आहे. ताई थोरली आहे. पाणी ताईच देणार."

"ऐकलं का मामा," अटो म्हणाला, "हा म्हणतोय बैठक कशाला. आम्ही काय केंकी खायला जमलोय?"

थोडं हसू फिरलं. मामांनी काहीतरी सांगितलं.

"मामा म्हणतात, माझ्या बहिणीचा, एसीचा शब्द आम्हाला माहीत आहे. पण एसीचे पाय चेपले कुणी? तिला उचलून बसवलं कुणी? एकुआने. एकुआ तिच्या सख्ख्या बहिणीची मुलगी, याच घरात वाढली. तिचंही म्हणणं ऐकलं पाहिजे."

"माझं काही म्हणणं नाही," एकुआ बाकावरून म्हणाली. मग थांबून: "फक्त आसनावर बसणारी इथे असावी. बाळंतपण अडलं, नवराबायको भांडली, तर लोकांनी काय अमेरिकेला फोन लावायचा? 'सध्या तिकडे रात्र आहे, सकाळी भांडा'?"

बायका हसल्या. अराबाही हसली. एकुआचं चुकत नव्हतं.

एबोला ते हसणं झोंबलं. बहिणीची बाजू सावरायला तो पुढे झाला, आणि तिथेच सगळं फिरलं.

"अमेरिका, अमेरिका काय लावलंय? अरे, अभिमान वाटायला हवा! अख्ख्या अबानक्रोममध्ये कोणाच्या घरात आहे अमेरिकेची नागरिक? तिच्या केसाला धक्का लागला तर त्यांचं जहाज येऊन उभं राहील समोर. साधं नाही मिळालं ते तिला. न्यायाधीशासमोर उजवा हात वर करून आण घेतली आहे तिने, आण! मी व्हिडिओ पाहिलाय."

अटो ते उचलून पुढे पोचवायला तोंड उघडत होता. ते तसंच मिटलं.

या गावात आण हा शब्द कुणी तसा वापरत नाही. कोर्टात लोक पुस्तकावर हात ठेवून रोज खोटं बोलतात, त्याचं कुणाला काही नाही. पण गावची आण वेगळी. 'त्या मंगळवारची' एवढंच म्हणतात. त्या मंगळवारी काय झालं, कोण बुडालं, हे मोठ्यांना माहीत असतं आणि कुणी उच्चारत नाही. ती एकदा तोंडातून गेली की मेंढी कापून, दारू शिंपून, ज्याच्यापुढे घेतली त्याच्याच पायाशी ती उतरवावी लागते. एबोला फक्त 'शपथविधी' म्हणायचं होतं. गावच्या फान्टी भाषेत त्याला दुसरा शब्द नव्हता.

मामांनी मान वर केली. या वेळी ते अटोकडे न वळता थेट अराबाकडे बघत होते.

"कुणाची आण?"

"मामा, ते तसं नसतं," अराबा म्हणाली. "तो एक सरकारी विधी आहे. मोठा हॉल असतो, शंभर देशांची माणसं असतात. हातात कागदाचे झेंडे. सगळे एकदम म्हणतात आणि मग केक खातात."

"काय म्हणतात?"

तिने इंग्रजीत सुरुवात केली. मामांनी हात वर केला. पोस्टात आयुष्य गेलेला माणूस, त्यांना इंग्रजी चांगलं येत होतं.

"आपल्या भाषेत सांग."

आजवर तिला तसं करायची वेळ आली नव्हती. इंग्रजीत ती वाक्यं गुळगुळीत होती, औषधाच्या खोक्यातल्या चिठोऱ्यावरच्या मजकुरासारखी. ती मनातल्या मनात एकेक शब्द उचलून फान्टीत ठेवू लागली, आणि प्रत्येक शब्द ठेवताना जड होत गेला. निष्ठा याला शब्दच नव्हता. माणूस ज्या आसनाचा, त्या आसनाचा असतो, एवढंच म्हणता येत होतं.

"मी सांगते की," ती म्हणाली, "आजपर्यंत मी ज्या ज्या परक्या राजाची, परक्या सत्तेची... ज्या परक्या आसनाची होते... ते मी आज तोंडाने सोडते. मागे काही न ठेवता."

माशांवर घोंघावणाऱ्या माश्यांचा आवाज येत होता. अटोने खरं तर ते सगळं पुन्हा म्हणायला हवं होतं. त्याने म्हटलं नाही. त्याने विचारलं, आणि तो कुणाच्या वतीने विचारत नव्हता.

"परकं आसन म्हणजे कुठलं गं, अराबा?"

अंगणात एकच आसन होतं. आतल्या खोलीच्या दाराशी, आईचं, भिंतीला टेकवून आडवं ठेवलेलं. धनी नसलेलं आसन उभं ठेवत नाहीत.

"ताईने ते मनापासून नाही म्हटलं," एबो घाईने म्हणाला. "मामा, मला नीट बोलता आलं नाही. माझी जीभ घसरली."

"तुझी घसरली असेल. तिची?"

"आणि काय हो मामा," एबोचा आवाज आता चढला, "गेल्या वर्षी ती बाल्टिमोरची निवृत्त मास्तरीण आली होती. किल्ल्यात रडली, अंगणात रडली. तुम्ही तिला नाव दिलंत, वस्त्र पांघरलंत, एक मेंढी घेऊन तिला या घराची लेक केलंत! तीही अमेरिकनच ना? जन्मापासून अमेरिकन! ती चालते आणि माझी सख्खी बहीण चालत नाही?"

दोन-तीन माना हलल्या. "बरोबर बोलतोय पोरगा," मागून एक म्हातारी म्हणाली.

मामा बोलले ते अटोच्या कानात, आणि अटोने ते एकेक वाक्य तोडून सांगितलं, नेहमीची मल्लिनाथी न करता.

"मामा म्हणतात, त्या बाईच्या पणजोबाच्या पणजोबाला इथून साखळीला बांधून चालवत नेलं. त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याने तोंडाने काही सोडलं नव्हतं. न सोडलेलं माघारी घेता येतं, त्याला मेंढी पुरते. मामा म्हणतात, अराबाला कुणी बांधलं नव्हतं."

बांधलं नव्हतं, हे खरं होतं. मुलगी लिडिया लहान होती, नवरा निघून गेला होता, आणि दर काही वर्षांनी राहण्याचा परवाना वाढवून मिळेल की नाही या धास्तीने झोप लागत नव्हती. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन तिकडे करायचं होतं. नागरिकाची आई लवकर येऊ शकते, असं कुणीतरी सांगितलं होतं. आई शेवटी आलीच नाही. "मला इथून दिसतंय तेवढं पुरे," म्हणाली. हे सगळं सांगता आलं असतं. पण ही कारणं होती, आणि कारणं प्रत्येकाकडे असतात.

आता एकुआ उठली. हात फडक्याला पुसत ती बायकांच्या बाकांमधून पुढे आली. अराबाला वाटलं, आता ही आसन मागणार.

"अटो, मामांना विचार," एकुआ म्हणाली, "नुसते ओठ हलले आणि आवाज निघाला नाही, तर ती आण होते का?"

मामांनी डोळे बारीक केले. "नाही. आवाजाशिवाय आण नाही."

"मग झालं तर. किल्ल्यावर येणाऱ्या एकीनेच मला सांगितलं होतं. हॉलमध्ये शेकडो माणसं असतात. निम्मी नुसते ओठ हलवतात. कुणाला इंग्रजी येत नाही, कुणाला रडू येतं. अराबाचेही ओठच हलले असतील. काय गं, हो ना?"

"हो, हो," एबो म्हणाला. "तसंच झालं असणार. ताई, सांग ना."

"सांग की," म्हातारी म्हणाली. "सांग आणि मोकळी हो. चूल थंड पडलीय."

सगळं अंगण तिच्याकडे बघत होतं, आणि तिला जाणवलं की यातल्या कुणालाच ती नको नव्हती. मामांनाही नाही. मामांनी हातातली काठी जमिनीवर आडवी ठेवली होती आणि ते वाट बघत होते. एक शब्द पुरे होता.

पण तो व्हिडिओ लिडियाने काढला होता. छोट्या हाताने, अगदी अराबाच्या तोंडाजवळ फोन धरून. त्यात बाकीच्यांचा नुसता गुंजारव होता आणि अराबाचा आवाज स्वच्छ होता, शब्द न शब्द. अराबानेच तो आपल्या आईला पाठवला होता. एबोच्या फोनवर आई तो पुन्हा पुन्हा लावायला सांगायची, शेजारणींना दाखवायची, हे तिला ठाऊक होतं.

"एकुआ," ती हळूच म्हणाली, "तू तो पाहिलायस ना?"

"मावशीबरोबर. कितीदा तरी."

"मग तुला माहीत आहे."

"मला इंग्रजी शहाळ्यापुरतं येतं."

"आई काय म्हणायची?"

एकुआ फडक्याचं टोक पिळत राहिली. "म्हणायची, किती स्पष्ट बोलते माझी पोर. बाकीचे सगळे पुटपुटतायत, ही बघ. मग विचारायची, काय म्हणतेय गं ती? मी सांगायची, त्या लोकांचे आभार मानतेय." ती किंचित हसली. "तर मावशी म्हणाली, एवढा वेळ? बाई बाई, फारच दिलेलं दिसतंय हिला त्यांनी."

कुणी हसलं नाही. म्हातारीने वस्त्राचं टोक डोळ्यांना लावलं.

अराबा उठून उभी राहिली. आईला एकदा खोटं सांगितलं गेलं होतं, आणि ते मायेने सांगितलं होतं. तेच खोटं उद्या हातात पाण्याची करवंटी धरून, तिच्या मिटलेल्या तोंडाजवळ वाकून, पुन्हा एकदा सांगायचं. ते पाणी तिला हवं होतं. पण असं नाही.

"आवाज निघाला होता, मामा," ती म्हणाली. "हॉलमध्ये सगळ्यांत स्पष्ट माझाच."

"ताई!"

"गप रे."

मामांनी काठी उचलली. ते पुन्हा थेट बोलले, रीत मोडून.

"उतरवायची आहे का ती आण? मी मेंढी देईन. माझी देईन."

"कुणाच्या पायाशी उतरवायची, मामा? तिथे तसं कुणी नाही. कागद भरून द्यायचा असतो. आणि लिडिया तिथली आहे. तिने कधी दुसरं काही पाहिलेलंच नाही."

"मग 'त्या मंगळवारची' म्हण. इथे, आत्ता. म्हणजे ही आण त्या आणेवर वरचढ होईल."

ती म्हणू शकली असती. शब्द दोनच होते. पण पंधरवड्यात परतीचं विमान पकडून, निळा पासपोर्ट पुढे करून 'वेलकम होम' ऐकायचं आणि मान डोलवायची, हे तिला दिसत होतं. तेही घर होतं. लहानसं, थंडीचं, तिच्या नावाचं.

"एका तोंडात दोन मावत नाहीत," ती म्हणाली.

मामांनी मान खाली घातली. वय झालेल्या माणसाचा चेहरा रडताना फार बदलत नाही. त्यांनी अटोच्या कानात सांगितलं, आणि अटोने ते जसंच्या तसं पोचवलं.

"मामा म्हणतात, पाणी एकुआ देईल. अराबा उद्या पाहुणी म्हणून येईल. मामा म्हणतात, या घराने पाहुण्याला कधी काही कमी पडू दिलेलं नाही."

एबो तरातरा निघून गेला. जाताना तो एकुआच्या अंगावर ओरडला, की मिळालं ना तुला हवं ते. एकुआ परत माशांपाशी जाऊन बसली आणि निवडलेलेच मासे पुन्हा निवडू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आली. बँडवाल्यांनी बोळाच्या तोंडाशीच वाजवायला सुरुवात केली. आत बायकांनी तिला न्हाऊ घालून, गळ्यात सोन्याचा मुलामा दिलेले मणी घालून, पितळी पलंगावर निजवलं. मग घरची माणसं एकामागून एक आत गेली. मामा गेले. एबो गेला, डोळे सुजलेले, बहिणीकडे न बघता. म्हातारी गेली. पोरंटोरं गेली. अराबा घराण्याच्या काळ्या-लाल कापडाचाच पोशाख घालून अंगणात उभी होती. शेवटी दाराशी तीच उरली.

ती उंबऱ्याजवळ आली तशी अटो वाटेत उभा राहिला. लहानपणी याने तिच्या बाहुलीचे कपडे शिवले होते. त्याने तिच्याकडे न बघता, तिच्या खांद्यावरून मागे कडुनिंबाकडे बघत, बाहेरून येणाऱ्या माणसाला विचारतात तसं विचारलं.

"या. इकडे सगळं कुशल आहे. तुमचं येणं कशासाठी झालं?"

क्षणभर तिला कळलंच नाही की हे आपल्याला विचारलंय. आतून कुणाच्याच बोलण्याचा आवाज येत नव्हता. पडद्याच्या फटीतून एकुआ दिसत होती, पलंगाच्या डोक्याशी उभी, हातातली करवंटी तशीच धरून. तिने अजून पाणी दिलं नव्हतं. ती थांबली होती.

"माझी आई वारली," अराबा म्हणाली. "तिला निरोप द्यायला आले."

अटोने डोळे मिटले. मग तो आत वळला, आणि परक्यांचे शब्द जसे आतल्यांपर्यंत पोचवायचे असतात तसे त्याने ते मोठ्याने, स्पष्ट पोचवले.

"घरातल्यांनो, ऐका. या बाई म्हणतात, त्यांची आई वारली आहे."